पहिल्या ऑस्करच्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट दोन होते

प्रश्नमंजूषेत एक प्रश्न हमखास येतो: सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला ऑस्कर कोणाला मिळाला? उत्तर ठरलेलं आहे, 'विंग्ज'. हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धं आहे. १६ मे १९२९ च्या रात्री हॉलिवूडमध्ये चित्रपटांसाठीचे सगळ्यांत वरचे पुरस्कार दोन होते. एक 'विंग्ज'ला मिळाला आणि दुसरा 'सनराइज'ला. त्या रात्री जेवायला बसलेल्या कोणालाही यातला एक खरा आणि दुसरा दुय्यम आहे, असं वाटलं नव्हतं. तसं नंतर ठरवलं गेलं.

एक खुर्ची उचलून बाजूला ठेवावी तसा हा दुसरा पुरस्कार एका वर्षात नाहीसा झाला. तो का होता आणि का गेला हे कळलं की चित्रपटांचे पुरस्कार मुळात कसे चालतात हेही बरंचसं कळतं. म्हणून त्या रात्रीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

आधी तो सोहळा डोळ्यांसमोर आणू. आज ऑस्कर म्हटलं की लाल गालिचा, तीन-साडेतीन तासांचा कार्यक्रम, बंद पाकिटं आणि जगभर चालणारं थेट प्रक्षेपण आठवतं. १९२९ मध्ये यातलं काहीच नव्हतं. लॉस एंजेलिसमधल्या हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेलच्या 'ब्लॉसम रूम' नावाच्या दालनात जेवणाचा कार्यक्रम होता. सुमारे २७० माणसं जमली होती आणि पाहुण्यांसाठी तिकीट होतं ५ डॉलर. जेवण झालं, भाषणं झाली. मग हे पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे अध्यक्ष आणि त्या काळचे लाडके नट डग्लस फेअरबँक्स यांनी पुरस्काराच्या बाहुल्या वाटल्या. नावं पुकारायला दिग्दर्शक विल्यम डीमिल होते. बक्षिसं वाटायला लागली जेमतेम १५ मिनिटं. रेडिओवर काही ऐकवलं गेलं नाही. प्रसारणाशिवाय झालेला ऑस्करचा हा एकमेव सोहळा, पुढच्याच वर्षी रेडिओ आला.

उत्कंठा तर नव्हतीच. विजेत्यांची नावं तीन महिने आधी, फेब्रुवारीतच जाहीर झाली होती. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात आधीच फळ्यावर लागलेल्या निकालाप्रमाणे बक्षिसं देतात, तसाच हा प्रकार. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेली जॅनेट गेनर तेव्हा २२ वर्षांची होती. पुरस्कारापेक्षा फेअरबँक्स यांना भेटण्याचंच आपल्याला जास्त अप्रूप होतं, असं तिने पुढे सांगितलं. मला ते खरं वाटतं. 'ऑस्कर' या शब्दाला तेव्हा काही वजनच नव्हतं. किंबहुना तो शब्दच नव्हता. बाहुलीचं अधिकृत नाव होतं 'अकादमीचा गुणवत्ता पुरस्कार'. ऑस्कर हे टोपणनाव मागाहून रुळलं आणि अकादमीने ते १९३९ मध्ये अधिकृतपणे स्वीकारलं.

बाहुली मात्र आहे तीच. एमजीएम स्टुडिओचे कला दिग्दर्शक सेड्रिक गिबन्स यांनी तिचं रेखाटन केलं आणि शिल्पकार जॉर्ज स्टॅन्ली यांनी ती घडवली. तलवार धरलेला योद्धा फिल्मच्या रिळावर उभा आहे. त्या रिळाला पाच आरे आहेत. ते का, हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागेल.

आधी कामगारांचा प्रश्न, मग पुरस्कार

अकादमी पुरस्कार देण्यासाठी स्थापन झाली, असा आपला समज असतो. तसं नाही. तिचा जन्म कामगारांच्या प्रश्नातून झाला.

१९२० च्या दशकात हॉलिवूडचे स्टुडिओ कारखान्यांसारखे चालत. सेट उभारणारे सुतार, रंगारी, वीजकाम करणारे, वादक अशी शेकडो माणसं रोज कामावर येत. या लोकांनी युनियन बांधली आणि बरीच खळखळ झाल्यावर २९ नोव्हेंबर १९२६ रोजी नऊ स्टुडिओंनी पाच युनियनांशी करार केला. आता पाळी कोणाची, हे मालकांना स्पष्ट दिसत होतं: नट, लेखक, दिग्दर्शक. सुतार संपावर गेला तर दुसरा सुतार शोधता येतो. ज्या चेहऱ्यासाठी लोक तिकीट काढतात तो चेहराच संपावर गेला तर काय करायचं?

एमजीएमचे प्रमुख लुई बी. मेयर हा धोरणी माणूस. १९२७ च्या जानेवारीत त्यांनी नट कॉनराड नेगल, दिग्दर्शक फ्रेड निब्लो आणि निर्मात्यांच्या संघटनेतले फ्रेड बीटसन यांच्याशी घरी जेवताना एक कल्पना मांडली. नट, दिग्दर्शक, लेखक, तंत्रज्ञ आणि निर्माते या पाचही गटांना एका छपराखाली आणणारी एक संस्था काढायची. तंटे तिथेच मिटवायचे आणि बाहेरच्या युनियनला जागाच ठेवायची नाही. पाच गट म्हणून बाहुलीच्या पायाखालच्या रिळाला पाच आरे.

त्याच वर्षी ४ मे रोजी संस्थेची नोंदणी झाली. ११ मे रोजी बिल्टमोर हॉटेलात मेजवानी झाली आणि तिथे सुमारे २३० जणांनी प्रत्येकी १०० डॉलर भरून सभासदत्व घेतलं. संस्थापक ३६ होते आणि त्यांत फेअरबँक्स, त्यांची पत्नी, अभिनेत्री मेरी पिकफोर्ड, मेयर आणि ते गिबन्सही होते. तंटे मिटवणं, तंत्रज्ञानावर चर्चा घडवणं, चित्रपटसृष्टीची बाहेरची प्रतिमा सुधारणं ही मुख्य कामं. गुणवत्तेसाठी पुरस्कार देणं हे त्या यादीतलं एक काम होतं, आणि सुरुवातीला त्याची कोणाला घाईही नव्हती.

चित्रपटवाल्यांना हाताळायचं तर त्यांच्या गळ्यात पदकं घालावीत, अशा अर्थाचं मेयर यांचं एक वाक्य पुढे फार गाजलं. ते वाचून पुरस्कार म्हणजे निव्वळ मालकांची चाल, असा निष्कर्ष काढावासा वाटतो. माझं मत थोडं वेगळं आहे. मालकांचा हेतू तो असेलही, पण पुरस्कार एकदा सुरू झाला की घेणारा माणूस त्याला स्वतःचा अर्थ देतो. छायालेखकाच्या कामाला नाव देऊन चारचौघांत उभं करणं ही गोष्ट १९२९ मध्ये नवी होती, आणि ती चांगलीच होती.

निवड कशी झाली

इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचा सगळा घोळ या पद्धतीतून आला.

पहिली गोष्ट कालावधीची. पुरस्कार कॅलेंडरच्या वर्षासाठी नव्हते. १ ऑगस्ट १९२७ ते ३१ जुलै १९२८ या बारा महिन्यांत लॉस एंजेलिसमध्ये दाखवलेले चित्रपट त्यासाठी पात्र होते. म्हणून जुन्या याद्यांमध्ये '१९२७/२८' असं जोडवर्ष दिसतं.

दुसरी गोष्ट निवडीची. सभासदांनी आपापली पसंती कळवायची. त्यातून प्रत्येक गटाचं परीक्षक मंडळ छाननी करायचं. शेवटचा निर्णय मात्र सगळ्या सभासदांच्या मतांनी होत नव्हता. तो पाच जणांचं मध्यवर्ती मंडळ घेत असे, प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी. म्हणजे पहिल्या ऑस्करचा निकाल हा मतमोजणीचा आकडा नव्हता, पाच माणसांचा एका टेबलाभोवती झालेला निर्णय होता. अशा टेबलावर कोणाचा शब्द जड असतो, हे ज्याने कुठल्याही समितीत काम केलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. अभिनेत्याला किंवा अभिनेत्रीला पुरस्कार एकाच भूमिकेसाठी मिळावा, असा नियम तेव्हा नव्हता. वर्षभरातलं काम एकत्र पाहिलं जायचं. जॅनेट गेनरला पुरस्कार मिळाला तो 'सेव्हन्थ हेवन', 'स्ट्रीट एंजल' आणि 'सनराइज' या तीन चित्रपटांसाठी मिळून. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले जर्मन नट एमिल यानिंग्ज यांना तो 'द लास्ट कमांड' आणि 'द वे ऑफ ऑल फ्लेश' या दोन चित्रपटांसाठी मिळाला. कलाकाराचं मोजमाप एका भूमिकेवर करण्यापेक्षा ही रीत जास्त न्यायाची होती, असं मला अजूनही वाटतं. काही वर्षांत ती बदलली.

यानिंग्ज सोहळ्याला नव्हते. बोलपटांची लाट आली होती, त्यांच्या इंग्रजीवर जर्मन उच्चारांची छाप होती, आणि ते युरोपला परतायला निघाले होते. म्हणून त्यांची बाहुली त्यांना आधीच देऊन टाकली. जगातला पहिला ऑस्कर असा सोहळ्याआधी, कोणत्याही मंचाशिवाय दिला गेला. यानिंग्ज यांचं पुढचं आयुष्य वाचवत नाही. नाझी राजवटीत त्यांनी प्रचारपटांत काम केलं, आणि युद्धानंतर त्यांची कारकीर्द संपली.

खर्च मोजणारा पुरस्कार आणि खर्च न मोजणारा पुरस्कार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सर्वोत्कृष्ट चित्रपट दोन कसे?

पहिल्या वर्षी स्पर्धेचे १२ विभाग होते. त्यांतल्या एका विभागाचं नाव होतं 'उल्लेखनीय चित्रपट'. चित्रपटाला मोठेपण देणाऱ्या सगळ्या बाजू एकत्र पाहून तो द्यायचा. त्यासाठी तीन चित्रपट अंतिम यादीत होते: 'विंग्ज', 'सेव्हन्थ हेवन' आणि 'द रॅकेट'.

दुसऱ्या विभागाचं नाव होतं 'अनोखी आणि कलात्मक निर्मिती'. खर्च किती झाला, पसारा केवढा होता याकडे न पाहता सर्वांत कलात्मक, वेगळं, स्वतःचं असं काही करणाऱ्या चित्रपटाला हा पुरस्कार. इथेही तीन चित्रपट होते: सयामच्या (आजच्या थायलंडच्या) जंगलात जाऊन चित्रित केलेला 'चँग', किंग व्हिडर यांचा 'द क्राउड' आणि एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा 'सनराइज'.

या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की १९२७ सालचं हॉलिवूड स्वतःबद्दल काय विचार करत होतं ते दिसतं. आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी करतो, असं ते उघडपणे मान्य करत होतं. एक म्हणजे शेकडो लोकांना कामाला लावून, सगळी यंत्रणा एकत्र आणून प्रेक्षकांना खुर्चीला खिळवणारा मोठा खेळ उभा करणं. दुसरं म्हणजे या नव्या माध्यमात काय काय शक्य आहे याचा शोध घेणं. दोन्हींना मान, पण दोन्हींना एकाच तराजूत घालायचं नाही.

'विंग्ज' हा पहिल्या प्रकारचा उत्तम नमुना. पहिल्या महायुद्धातल्या दोन वैमानिकांची आणि त्या दोघांच्या आयुष्यातल्या मुलीची गोष्ट. दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः त्या युद्धात वैमानिक होते. टेक्सासमध्ये अमेरिकन लष्कराच्या मदतीने खरी विमानं उडवून चित्रण केलं. कॅमेरे विमानांवर बसवले आणि नटांना खरोखर आकाशात नेलं. चार्ल्स रॉजर्स आणि रिचर्ड आर्लेन यांच्या चेहऱ्यामागे जे ढग पळताना दिसतात ते पडद्यावर रंगवलेले नाहीत. आज सगळं संगणकावर होत असताना ती दृश्यं पाहिली की पोटात खड्डा पडतो. एवढं करूनही वेलमन यांचं नाव दिग्दर्शनाच्या अंतिम यादीत नव्हतं. चित्रपटाचा पुरस्कार निर्मिती कंपनीला जायचा, म्हणून तो पॅरामाउंटला गेला.

'सनराइज'ची गोष्ट दोन ओळींत सांगता येते. खेड्यातला एक शेतकरी शहरातून आलेल्या बाईच्या नादी लागून बायकोला तळ्यात बुडवायला निघतो, ऐन वेळी त्याचा हात थांबतो, आणि मग ती दोघं शहरात एक दिवस घालवून एकमेकांना पुन्हा भेटतात. त्यांना नावंसुद्धा नाहीत. तो माणूस, त्याची बायको, शहरातली बाई, बस्स. मुर्नाऊ जर्मनीत नाव कमावून आलेले. फॉक्स स्टुडिओने त्यांना अमेरिकेत बोलावलं आणि मनासारखं काम करायची मोकळीक दिली.

एक दृश्य सांगतो. रात्र आहे, धुकं आहे, चंद्र आहे, आणि तो माणूस दलदलीतून त्या बाईला भेटायला चालला आहे. कॅमेरा त्याच्या मागे जातो. झुडपं ओलांडतो, वळतो, मग त्याला सोडून स्वतःच्याच वाटेने पुढे जातो आणि ती बाई वाट पाहत उभी आहे तिथे त्याच्या आधी पोहोचतो. त्या काळचे कॅमेरे अवजड असत. वर छताला रूळ टांगून, त्यावर लोंबता कॅमेरा सरकवत हे चित्रण केलं. पण पाहताना यंत्र आठवत नाही. आपणच चोरपावलांनी चाललो आहोत असं वाटतं आणि त्याच्या पापात आपलाही वाटा आहे असं होऊन जातं. छायालेखनाचा पहिला ऑस्कर चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस या जोडीला याच चित्रपटासाठी मिळाला. माझ्या मते त्या रात्रीची ही सगळ्यांत निर्विवाद निवड होती.

कलात्मक विभागाच्या निकालाला एक बोचरी कडा आहे. किंग व्हिडर यांनी पुढच्या काळात सांगितलं की परीक्षकांचा कल आधी त्यांच्या 'द क्राउड'कडे होता आणि मेयर यांनी तो बदलायला लावला. गंमत अशी, की 'द क्राउड' मेयर यांच्याच एमजीएमचा चित्रपट होता. न्यूयॉर्कमधल्या एका साध्या कारकुनाचं, कुठेही न पोहोचणारं आयुष्य त्यात दाखवलं होतं. स्टुडिओला मिरवायला हवी ती झळाळी त्यात नव्हती. ही व्हिडर यांची बाजू आहे. पाच जणांच्या मंडळावर लोकांचा विश्वास का बसला नाही, हे मात्र तिच्यातून कळतं.

पुढच्या वर्षी अकादमीने कलात्मक निर्मितीचा विभाग बंद केला आणि 'उल्लेखनीय चित्रपट' हाच सर्वोच्च पुरस्कार मानला. पुढे त्याचं नाव बदलत बदलत आजचं 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' झालं, आणि मागे वळून पाहताना 'विंग्ज' आपोआप पहिला मानकरी ठरला. 'सनराइज'चा पुरस्कार खोटा ठरला नाही, फक्त ज्या रांगेत तो होता ती रांगच मोडली.

मला या निर्णयाची हळहळ वाटते. तेव्हापासून मोठ्या आणि नव्या चित्रपटांना एकाच बाहुलीसाठी भांडावं लागतं, आणि दर वर्षी मार्च महिन्यात हाच वाद नव्याने होतो. त्याचं मूळ या बंद केलेल्या दारात आहे.

कोण निवडतं यावर उत्तर कसं बदलतं, याचं उदाहरण आपल्या घरातही आहे. १९५४ मध्ये भारतात दोन पुरस्कार सुरू झाले. सरकारच्या चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपती सुवर्णपदक 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाला मिळालं. त्याच वर्षी फिल्मफेअरने हिंदी चित्रपटांसाठी वाचकांची मतं घेतली, त्यात 'दो बिघा जमीन' पहिला आला. परीक्षक वेगळे, कक्षा वेगळी, म्हणून मानकरी वेगळे. दोन्ही निवडींचा आपल्याला आजही अभिमान वाटतो.

दारात उभा असलेला आवाज

पहिल्या ऑस्करचा आणखी एक पेच होता. 'द जॅझ सिंगर' ६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकला होता, म्हणजे पात्रतेच्या काळात अगदी आरामात बसत होता. पडद्यावरचा नट गातो, बोलतो, आणि ते ऐकू येतं! लोक वेडे झाले. पण त्याला मूकपटांच्या शेजारी बसवून तुलना करायची कशी? अकादमीने ठरवलं की ते मूकपटांवर अन्याय करणारं होईल. सर्वोच्च पुरस्कारांच्या स्पर्धेत तो घेतलाच नाही, आणि वॉर्नर ब्रदर्स कंपनीला बोलपटाची वाट काढल्याबद्दल विशेष पुरस्कार दिला. तो घ्यायला कंपनीचे डॅरिल झॅनक उभे राहिले आणि त्यांनी तो दिवंगत सॅम वॉर्नर यांना अर्पण केला. चार भावांपैकी आवाजाच्या प्रयोगामागे सर्वांत जास्त लागलेले सॅम, चित्रपट झळकायच्या आदल्या दिवशी वारले होते.

दुसरा विशेष पुरस्कार चार्ली चॅप्लिन यांना. 'द सर्कस'मध्ये अभिनय, लेखन, दिग्दर्शन, निर्मिती सगळं त्यांचंच. त्यांचं नाव आधी स्पर्धेत होतं. मग अकादमीने त्यांना स्पर्धेतून बाहेर काढून वेगळा सन्मान दिला. चॅप्लिनही त्या रात्री आले नाहीत.

सोहळ्यातला एक क्षण मात्र भविष्य दाखवून गेला. पॅरामाउंटचे प्रमुख अ‍ॅडॉल्फ झुकर न्यूयॉर्कमध्ये होते. 'विंग्ज'ची बाहुली फेअरबँक्स यांच्या हातून स्वीकारतानाचा त्यांचा छोटा बोलपट तिथल्या स्टुडिओत आधीच तयार करून ठेवला होता, आणि तो जेवणाच्या दालनात दाखवला गेला. मूकपटांना मान देण्यासाठी भरलेल्या सभेत पडद्यावरचा माणूस बोलत होता.

त्या बदलात एक संपूर्ण कला बुडाली, आणि तिलाही त्या रात्री एक पुरस्कार होता. मूकपटात संवाद आणि प्रसंग सांगायला मधेमधे लिखित पाट्या येत. आपल्याकडे फाळक्यांच्या चित्रपटांतही त्या होत्या. मोजक्या शब्दांत, वाचायला लागणाऱ्या सेकंदांचा हिशेब ठेवून पाटी लिहिणं हे स्वतंत्र कसब होतं, आणि त्यावर पोट भरणारे लेखक होते. पाट्यांच्या लेखनाचा ऑस्कर जोसेफ फार्नहॅम यांना मिळाला, कोणत्या एका चित्रपटासाठी नव्हे तर एकूण कामासाठी. पुढच्या वर्षी तो विभाग राहिला नाही. पाट्याच राहिल्या नाहीत. फार्नहॅम १९३१ मध्ये वारले. ऑस्करच्या इतिहासात पाट्यांसाठी बाहुली मिळालेला माणूस तेवढा एकच.

विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शनाचा वेगळा विभागही त्याच वर्षापुरता टिकला. लुईस माइलस्टोन यांना तो मिळाला, तर गंभीर चित्रपटासाठी फ्रँक बोरझेगी यांना. उलट, आज आपण गृहीत धरतो असे किती तरी विभाग तेव्हा नव्हते. संकलन आणि संगीत १९३४ च्या चित्रपटांपासून आले, सहाय्यक अभिनेते-अभिनेत्री १९३६ च्या. वेशभूषेचा विभाग तर १९४८ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. तो सुरू झाला म्हणूनच कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत ती बाहुली घेता आली. भारतीय व्यक्तीला मिळालेला तो पहिला ऑस्कर.

पाच जणांचं टेबल कसं मोडलं

दुसऱ्या सोहळ्यात, १९३० च्या एप्रिलमध्ये, मेरी पिकफोर्ड यांना 'कोकेट'साठी अभिनयाचा पुरस्कार मिळाला. त्या अकादमीच्या संस्थापक, पती अकादमीचे पहिले अध्यक्ष, आणि परीक्षकांना त्यांनी आपल्या घरी चहाला बोलावलं होतं. त्यावरून चर्चा झालीच. तिसऱ्या वर्षापासून मध्यवर्ती मंडळ गेलं आणि अंतिम मतदान सगळ्या सभासदांकडे आलं. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून मतमोजणी बाहेरच्या हिशेबनीस कंपनीकडे सोपवली गेली. निकाल वर्तमानपत्रांना आधीच, विश्वासावर दिला जाई. १९४० मध्ये एका दैनिकाने तो सोहळ्याआधीच छापला, आणि पुढच्या वर्षी बंद पाकीट आलं. ज्या पाकिटाकडे आपण श्वास रोखून पाहतो ते असं एका फुटलेल्या बातमीतून जन्मलं.

आणि कामगारांचा तो मूळ प्रश्न? तो काही पदकांनी मिटला नाही. १९३३ च्या मार्चमध्ये मंदीच्या तडाख्यात स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी पगारात निम्म्यापर्यंत कपात लादली. अकादमी मालकांच्या बाजूने आहे, अशी भावना पसरली. त्याच वर्षी लेखकांनी आणि नटांनी आपापल्या स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. १९३६ च्या सोहळ्यावर बहिष्काराची हाक आली, आणि लेखक डडली निकोल्स यांनी 'द इन्फॉर्मर'च्या पटकथेचा ऑस्कर नाकारला. पुढच्याच वर्षी अकादमीने कामगारांच्या वाटाघाटींतून अंग काढून घेतलं. ज्या कामासाठी ती जन्मली ते काम सुटलं. यादीतलं जे एक काम लांबणीवर पडलेलं, पुरस्कार देण्याचं, ते तेवढं उरलं.

मुर्नाऊ हे सगळं पाहायला नव्हते. १९३१ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात मोटार अपघातात ते गेले, तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. १९३७ मध्ये न्यू जर्सीतल्या फॉक्सच्या गोदामाला आग लागली आणि 'सनराइज'ची मूळ निगेटिव्ह जळाली. आज आपण पाहतो तो चित्रपट उरलेल्या प्रतींवरून वाचवलेला आहे. २०१२ मध्ये ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांचं मत घेतलं तेव्हा आजवरच्या सर्वोत्तम चित्रपटांत तो पाचवा आला.

'विंग्ज' आणि 'सनराइज' दोन्ही १९२७ चे, त्यामुळे अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून त्यांच्यावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. दोन्ही सहज पाहायला मिळतात. 'सनराइज' तासा-दीड तासाचा आहे, तो आधी बघा, शक्यतो रात्री आणि मोठ्या पडद्यावर. दुसऱ्या दिवशी 'विंग्ज'. यानिंग्ज यांचा 'द लास्ट कमांड'ही मिळेल. त्यांचा दुसरा चित्रपट, 'द वे ऑफ ऑल फ्लेश', मात्र पाहता येणार नाही. त्याचे काही मिनिटांचे तुकडे उरले आहेत. बाकीचा चित्रपट हरवला आहे, आणि पहिल्या ऑस्करच्या यादीत त्याचं नाव अजून आहे.